मुकादमाची वाट

लेव्हलकाकांच्या घरात पहिल्यांदा येणारा माणूस आधी आ वासायचा आणि मग त्याचा पाय सटकायचा. काकांना दोन्ही गोष्टींचा सारखाच अभिमान. फरशी होतीच तशी. पांढऱ्या संगमरवरात काळ्या पट्ट्या, पट्ट्यांच्या आत राखाडी चौकडा, आणि बैठकीच्या खोलीत मधोमध आठ पाकळ्यांचं लाल-काळं फूल. सगळं उरल्यासुरल्या तुकड्यांचं बरं का! काकांनी उभा जन्म लोकांच्या घरांत, बँकांत, दवाखान्यांत फरश्या बसवल्या, आणि प्रत्येक कामावरून मालकानं फेकायला काढलेला एखादा बरा तुकडा पिशवीत घालून घरी आणला. फुलाच्या लाल पाकळ्या एका पाडलेल्या नाट्यगृहाच्या जिन्यातल्या. तो दगड आता दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही.

काका फरशीवर गोटी ठेवून दाखवायचे. गोटी जागची हलायची नाही. "बघा, लेव्हल!" काका म्हणायचे. त्यावरून गल्लीनं त्यांचं खरं नाव कधीच बासनात गुंडाळून ठेवलं होतं आणि ते सगळ्यांचे लेव्हलकाका झाले होते.

कुणी घसरलं तर काका हसायचे. "नाचता येईना अंगण वाकडं! अहो, लोकांना सपाट जमिनीवर चालायची सवयच नाही." पायपुसणं, चटई, गालिचा यांना या घरात सक्त मज्जाव. काकूंच्या बहिणीनं एकदा हौसेनं छोटा गालिचा आणला, तो काकांनी तिच्यादेखत कपाटावर चढवला. चंद्राला टोपी कशाला घालायची, असं त्यांचं म्हणणं.

एकाच गोष्टीनं त्यांचं डोकं फिरायचं. आतल्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत भिंतीवर, कमरेच्या जरा वर, एक मळकट रेघ उमटायची. रंग दिला की काही महिन्यांत ही बया पुन्हा हजर. "कोण हात पुसतं भिंतीला?" काका ओरडायचे. "पाहुणे," काकू म्हणायच्या आणि कामाला लागायच्या. काकू तशा संथच. सकाळचा चहासुद्धा दोन खेपांत आणायच्या, आधी काकांचा कप, मग परत जाऊन स्वतःचा. "हात दोन दिलेत ना तुला?" काका चिडवायचे. काकू हसून सोडून द्यायच्या.

घरात माणसं ही दोघंच. तिसरा मुकादम, म्हणजे ससा. करडा, गुबगुबीत, एक कान उभा आणि एक पडका. काकू शाळेच्या ग्रंथालयात कामाला होत्या, तिथल्या मुलांसाठी पाळलेला. पुढे शाळेनं प्राणी ठेवणं बंद केलं आणि काकू त्याला टोपलीत घालून घरी घेऊन आल्या. नाव काकांनी ठेवलं. स्वतः काडीचं काम करायचं नाही, पण दुसऱ्याच्या कामावरून नजर हलवायची नाही, असा त्याचा खाक्या. त्याला मुकादम नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? चारचौघांत काका "हिचा ससा" म्हणायचे, आणि काकू बाहेर गेल्या की त्याच्याशी तास तास गप्पा मारायचे. दोघांचं गुळपीठ काकूंना पक्कं ठाऊक होतं.

मुकादमाचा एक नेम होता. स्वयंपाकघरात फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज आला की तो असेल तिथून निघायचा आणि बैठकीची खोली ओलांडून काकूंच्या पायाशी हजर व्हायचा. कोथिंबिरीची एक काडी वसूल केल्याशिवाय हलायचा नाही. तरुण होता तेव्हा घसरत, गिरक्या घेत यायचा. काकांना वाटायचं, मजेत खेळतोय.

मग एक दिवस काकूंनी त्याला मांडीवर घेतलं, पाठ चोळता चोळता मागचा पाय उलटा केला आणि त्यांचा हात थांबला. टाचेवरचे केस गेले होते. खालची कातडी लालबुंद. दुसऱ्या पायाचीही तीच सुरुवात.

"अहो, हे बघा. डॉक्टरकडे न्यायला हवं."

काकांनी चष्मा लावला. टाच बघितली. मग मुकादमाच्या कोपऱ्यात जाऊन फरशीवरून तळहात फिरवला, बोटांनी टकटक करून पाहिलं, आणि निकाल दिला. "इथलं पॉलिश उतरलंय. खरखर लागतेय. घासून घासून सोलली बिचाऱ्याची टाच. डॉक्टर काय करणार यात? रोग फरशीचा आहे, आणि फरशीचा डॉक्टर घरातच आहे."

रोग फरशीचा आहे हे त्यांनी अगदी बरोबर ओळखलं होतं. पण औषध? सुट्टीच्या दिवशी पॉलिशचं मशीन घरी आणलं, कोपरा पाण्यानं भिजवला, आणि खडबडीत दगडापासून बारीक दगडापर्यंत एकेक हात फिरवत त्या जागेला असं पॉलिश केलं की मुकादमाला स्वतःच्या मिशा मोजता याव्यात. जीव ओतला हो माणसानं! एवढ्या प्रेमानं कुणाचं कुणी वाटोळं केलं नसेल.

मुकादमाला तिथे ठेवलं तर त्याचे मागचे पाय दोन दिशांना गेले आणि पोट जमिनीला टेकलं. काका म्हणाले, "नवीन आहे, सवय होईल." कसली सवय! त्या आठवड्यात मुकादम फारसा उठेनासा झाला. अंग चाटायचं त्यानं सोडून दिलं. आणि एका सकाळी फ्रिज उघडल्याचा आवाज आल्यावर तो निघाला, चार पावलं आला, आणि मधल्या फुलावर त्याचे मागचे पाय कात्रीसारखे फाकले. त्याला उठताही येईना, मागेही जाता येईना. तो तिथेच पडून धपापत राहिला. टाचेखाली पांढऱ्या दगडावर रक्ताचा लहानसा ठिपका होता.

काकूंनी हातातली कोथिंबीर खाली ठेवली. कामावर निघालेले काका दारात उभे होते. "मी याला दवाखान्यात घेऊन चाललेय," काकू म्हणाल्या. "यायचं तर या." त्यांचा असा आवाज काकांनी क्वचितच ऐकला होता. काका होते तसे निघाले, कामाच्या कपड्यांत, गुडघ्याला बांधलेल्या गाद्यांसकट.

प्राण्यांच्या डॉक्टरबाई मोठ्या आवाजाच्या आणि हलक्या हाताच्या. त्यांनी मुकादमाला टॉवेलमध्ये गुंडाळलं, टाचा पाहिल्या, कंबरेचा एक्स-रे काढला, वजन केलं, नखं पाहून कपाळाला आठ्या घातल्या. मग विचारलं, "घरात फरशी कसली आहे?"

काकांची छाती आपोआप फुगली. "आरशासारखी!"

"वाटलंच मला," बाई म्हणाल्या. "हे गुडघ्याला काय बांधलंय तुम्ही?"

"गाद्या. दिवसभर गुडघ्यावर बसून काम. फरशी कडक असते हो, गुडघे राहायचे नाहीत."

"आणि याच्या टाचेला काय बांधलंय?"

काकांची नजर मुकादमाच्या टाचेवर गेली. बाई मात्र थांबल्या नाहीत. "कुत्र्या-मांजराच्या पायाला खाली गादी असते. सशाच्या पायाला नसते. नुसते केस असतात. माती, गवत असेल तर तेवढे पुरतात. तुमच्या आरशावर हा रात्रंदिवस जवळजवळ हाडावर बसलाय. त्यात वाढलेली नखं आणि वाढलेलं वजन, म्हणजे सगळा भार टाचेवर. आणि घसरू नये म्हणून अंग ताठ धरून धरून कंबरेचे सांधे धरलेत."

"बरा होईल ना?" काकूंनी विचारलं.

"जखम अजून वरवर आहे. हाडापर्यंत गेली तर माझ्या हातात काही राहणार नाही. पण नुसता एका जागी बसवून ठेवलात तरी चालायचं नाही. सांधे आखडतील, पोट थांबेल, आणि सशाचं पोट थांबलं की खेळ संपला. याला मऊ, कोरडी, पाय न सटकणारी जमीन हवी. आणि तिच्यावरून हा चालायला हवा. चालला तर जगेल. सरळ सांगते."

त्यांनी नखं कापली, मलम दिलं, दुखणं कमी करायचं गोड औषध दिलं, पाय ओला होऊ द्यायचा नाही अशी तंबी दिली, आणि वाळलं गवत जास्त, बाकी लाड कमी, असा हुकूम काढला.

परतताना काका बराच वेळ टोपलीकडे बघत होते. "मीच पॉलिश केलं," शेवटी म्हणाले.

"हो."

"तू अडवलं का नाहीस मला?"

"तुम्हाला? फरशीवरून?" काकूंनी विचारलं.

घरी आल्यावर काका कामाला लागले, पण हात आखडूनच. कोपऱ्यात जाड गादी, वर मऊ पांघरूण, कडेला गवताची पेटी. एक कोपरा दिला, बास. बाकीची फरशी उघडी. आजारी माणसाला एक खाट पुरते, सगळं घर कशाला झाकायचं, असं त्यांनी स्वतःलाच पटवलं. मलमपट्टी दोघं मिळून करायची. काका मुकादमाला टॉवेलात गुंडाळून छातीशी धरायचे, काकू चटकन औषध लावायच्या. काकांचे दगड फोडणारे हात, पण धरायचे असे की मुकादमानं एकदाही ओरबाडलं नाही. "शाब्बास रे माझ्या राजा, झालं झालं," काका पुटपुटायचे. चारचौघांत याच प्राण्याला "हिचा ससा" म्हणणारा हाच तो गृहस्थ!

जखम सुकू लागली. पण मुकादम चालेना. फ्रिजचं दार उघडलं की त्याचा उभा कान ताठ व्हायचा. तो धडपडत उठायचा, गादीच्या काठापर्यंत यायचा, पुढचा एक पाय फरशीला लावायचा आणि चटका बसल्यासारखा मागे घ्यायचा. मग काठावर बसून स्वयंपाकघराच्या दिशेनं नुसता बघत राहायचा. काकू कोथिंबीर तिथेच नेऊन द्यायच्या. ती तो खायचा, पण पूर्वीची ऐट नव्हती त्यात. पुढच्या भेटीत डॉक्टरबाईंनी टाच पाहून मान डोलावली आणि कंबर दाबून पाहिल्यावर मान नकारार्थी हलवली. "जखम चांगली आहे. सांधे नाहीत. हा चालत नाहीये. अशानं हातचा जाईल."

घरी येऊन काकांनी स्वतःच्या हातानं कपाटावरचा गालिचा खाली काढला आणि फरशीवर अंथरला. काकूंनी डोळे चोळले. मुकादम आशेनं गालिच्यावर आला, त्यानं एक उडी घेतली, आणि त्या आरशावर गालिचा असा सरकला की मुकादम आडवा आणि गालिचा भिंतीपाशी. मग खाली रबराची जाळी घातली. ती मुकादमानं सकाळपर्यंत कुरतडली. काकूंनी मुकादमाच्या तोंडात बोट घालून रबराचे तुकडे काढले तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. चिकटपट्टी लावली, तीही कडेनं उपटून खाल्ली. प्रत्येक उपायाला मुकादम पुरून उरला.

"गुळगुळीतावर काही टिकत नाही," काका म्हणाले. फरशीच्या धंद्यातला हा पहिला धडा. जुन्या फरशीवर नवी बसवायची तर आधी जुनीला छिन्नीनं टोचे मारून घ्यावे लागतात, नाहीतर वरचं धरतच नाही. हे काका कामाला आलेल्या प्रत्येकाला शिकवत आले होते.

त्या दुपारी काकूंनी चहाचं आधण ठेवलं आणि बाहेर डोकावल्या तर काका मुकादमाच्या कोपऱ्याशेजारी फरशीवर गुडघे टेकून बसले होते. गाद्या सोडून बाजूला ठेवलेल्या. उघडे गुडघे, उघडा दगड.

"अहो, काय करताय हे?"

"गप. बघतोय."

आधण उकळेपर्यंत त्यांनी कसाबसा तग धरला. मग "आई गं!" करत ते कुशीवर कलंडले आणि गुडघे चोळत छताकडे बघत पडून राहिले. शेजारी मुकादम, तोही आडवा. दोघं एकमेकांकडे बघत होते.

"अगं," काका पडल्या पडल्याच म्हणाले, "माझी छिन्नी कुठाय?"

बेत त्यांच्या डोक्यात पक्का झाला होता. वरून अंथरलेलं सरकतं आणि कडा असली की हा खातो. मग वरून अंथरायचंच नाही! फरशी उचलायची, खाली खोलगट जागा करायची, आणि कार्पेट तिच्यात फरशीच्या बरोबरीनं बसवायचं. दोन्ही कडांना पितळी पट्टी. दात लागायला जागा नाही, पाय अडखळायला उंचवटा नाही. मुकादमाच्या कोपऱ्यापासून थेट फ्रिजपर्यंत.

"म्हणजे फुलातून," काकू हळूच म्हणाल्या.

काका उठून बसले. फूल मधोमधच होतं.

"वळसा घाला ना," काकू म्हणाल्या. "निदान फूल तरी राहू दे तुमचं."

मुकादम गादीवर गवताच्या पेटीकडे वळत होता, ते काका बघत राहिले. सरळ जायला त्याला फारसा त्रास नव्हता. वळताना मात्र तो पुढच्या पायांवर थांबायचा आणि मागचं अंग थोडं थोडं ओढून आणायचा, जड कपाट सरकवावं तसं. "वळताना दुखतं त्याला," काका म्हणाले. "सरळच नेतो."

त्यांनी खडूनं रेघ आखली आणि छिन्नीवर पहिला घाव घातला. लोकांच्या घरातल्या कितीतरी फरश्या त्यांनी उखडल्या असतील, पण हा घाव त्यांना छातीत लागला. खोटं कशाला सांगा, डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी सिमेंटच्या धुळीवर ढकललं. पांढरे तुकडे सुटले, काळी पट्टी सुटली, आणि फुलापाशी आल्यावर त्यांनी हातोडी खाली ठेवून पाणी प्यायलं. मग एकेक पाकळी सांध्यातून मोकळी केली. सात अख्ख्या निघाल्या. एक लाल पाकळी मात्र मधोमध तडकली. काकांनी तिचे दोन्ही तुकडे तळहातावर जोडून बघितले, आणि वर्तमानपत्रात गुंडाळून बाकीच्यांबरोबर ठेवून दिले. मुकादम काकूंच्या मांडीवर बसून सगळं बघत होता. अर्थात, काम दुसरा करत होता ना!

नेमका तेव्हाच ठेकेदार उगवला. काकांचा जुना दोस्त. नव्या हॉटेलच्या दर्शनी दालनाचं काम काकांना मिळावं म्हणून तो मालकांना हीच फरशी दाखवायला आणणार होता. दारातच त्यानं कपाळावर हात मारून घेतला.

"अरे, वेड लागलं का तुला? हे काय करून ठेवलंस?"

"वाट."

"पुरती वाट लावलीस म्हण! सशासाठी? उद्या माणसं बघायला यायचीत, त्यांना काय दाखवू? खड्डा?"

"परवा आण त्यांना," काका छिन्नी न थांबवता म्हणाले. "आणि हेच दाखव. अरे, दगडाला दगड लेव्हल करणारे गल्लोगल्ली पडलेत. दगडाला लोकर लेव्हल करणारा एक आणून दाखव, मग बोल माझ्याशी!"

ठेकेदार काकूंकडे वळला. "वहिनी, तुम्ही तरी सांगा."

"मी कशाला सांगू? ज्याचं काम त्याला कळतं," काकू म्हणाल्या. मुकादमाच्या पाठीवरून फिरणारा त्यांचा हात जरा जास्तच जोरात फिरत होता.

काम खरंच अवघड निघालं. कार्पेट दबतं. रिकामं असताना फरशीच्या बरोबरीनं बसवलं तर पाय पडल्यावर ते खाली जाणार आणि कडेला पायरी तयार होणार. काकांनी मुकादमाच्या वजनाची वाळूची पिशवी भरली, ती कार्पेटवर ठेवून दबल्यावरची उंची धरली, आणि खालचा सिमेंटचा थर त्या हिशेबानं ओढला. तळाशी जाड लोकर, वर आखूड, दाट केसांचं कार्पेट, नख अडकेल असा एकही फास नसलेलं. धुवायला काढता यावं म्हणून तुकड्या-तुकड्यांत. पितळी पट्ट्या बसल्यावर त्यांनी डोळे मिटून आडवा हात फिरवला. दगड, पितळ, लोकर, पितळ, दगड. बोट कुठे अडकलं नाही. काका स्वतःशीच मोठ्यानं हसले. आयुष्यात एवढं चोख काम आपल्या हातून झालेलं नाही हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

आता मुकादम. दोघांनी त्याला गादीवर ठेवलं. काकू स्वयंपाकघरात गेल्या. काका भिंतीला टेकून श्वास रोखून बसले. एवढं करून हा चाललाच नाही तर?

फ्रिजचं दार उघडलं. कान ताठ झाला. मुकादम गादीच्या काठाशी आला, त्यानं पुढचा पाय खाली टाकला, आणि तो मागे घ्यायला उचलला. उचललेला पाय हवेतच राहिला. मग पुन्हा टेकला. दाबला. दुसरा टेकला. मागचं अंग हळूच खाली उतरलं. पाय सटकले नाहीत. एक छोटी उडी. थांबला, वास घेतला. आणखी एक. पूर्वी जिथे फूल होतं तिथे येऊन तो बसून राहिला. इथेच तो पडला होता. "चल रे," काका कुजबुजले, "चल माझ्या राजा, पक्कं आहे, मी केलंय." मुकादमानं मागचा पाय उचलून कान खाजवला. तीन पायांवर उभा राहून! कितीतरी दिवसांत त्याला ते जमलं नव्हतं. आणि मग तो न थांबता, जरा लंगडत पण नाक वर करून, स्वयंपाकघरात शिरला.

"आला!" काकू ओरडल्या. "अहो, आला हो आला!" त्या हसत होत्या आणि नाक ओढत होत्या. मुकादमाला त्या दिवशी एका काडीऐवजी अख्खी जुडी मिळाली असती, पण डॉक्टरबाईंचा धाक होता, म्हणून दोन काड्यांवर भागलं.

तिथून गाडी रुळावर आली. मुकादम दिवसातून कैक फेऱ्या मारू लागला. टाचांवर नवे केस उगवले. डॉक्टरबाई म्हणाल्या, सांधे काही पुन्हा तरुण होणार नाहीत, पण हा आता आपल्या पायांनी म्हातारा होईल. हॉटेलच्या मालकांनी ती वाट बोटांनी चाचपून पाहिली आणि काम काकांना देऊन टाकलं. ठेकेदार आता सगळीकडे सांगत फिरतो की कल्पना त्याची होती. असू दे बापडा.

एका सकाळी काका खुर्चीत बसून चहाची वाट बघत होते. काकू स्वयंपाकघरातून आल्या. मुकादमाच्या वाटेवरून आल्या. एका हातात काकांचा कप, दुसऱ्या हातात स्वतःचा. चांगल्या झपझप चालत.

"अरे वा!" काका म्हणाले. "आज दोन्ही कप एकदम?"

"मग? हात दोन आहेत ना मला," काकू म्हणाल्या, आणि समोर बसून चहा पिऊ लागल्या.

काकांनी कप तोंडाशी नेला आणि तो तिथेच राहिला. त्यांची नजर भिंतीकडे गेली. आतल्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत, कमरेच्या जरा वर, ती मळकट रेघ. काका उठले. रेघेपाशी जाऊन उभे राहिले. मग वळून काकूंकडे बघितलं. चालताना काकूंचा हात बरोबर त्याच उंचीला येत असणार. दर वर्षी काका ती रेघ रंगवून पुसून टाकत होते आणि ती दर वर्षी पुन्हा उमटत होती.

"ही रेघ तुझी?"

"माझी नाही तर काय मुकादमाची?"

"भिंत धरून चालत होतीस? इतकी वर्षं? अगं, मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते की," काकू म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, म्हणूनच काकांना ते जास्त लागलं. "घर नवीन होतं तेव्हा. बाथरूममधून येताना पडले, मनगट सुजलं होतं. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही म्हणालात, नाचता येईना अंगण वाकडं. मग मी भिंत धरली."

मनगट काकांना आठवलं. शेकायला पाणी त्यांनीच गरम करून दिलं होतं. बोललेलं मात्र आठवत नव्हतं, आणि आठवत नव्हतं याचीच त्यांना जास्त लाज वाटली. रक्ताचा ठिपका पांढऱ्या दगडावर दिसला म्हणून मुकादमाचं दुखणं कळलं. हिचं भिंतीवर लिहिलेलं होतं, आणि त्यावर ते रंग देत राहिले.

"चुकलो गं मी," ते म्हणाले.

"चहा घ्या, गार होतोय."

पण काकांनी गुडघ्याला गाद्या बांधल्या होत्या आणि खिशातून खडू काढला होता. "चल. चालून दाखव मला. कुठून कुठे जातेस तू दिवसभर? पलंगापासून सुरू कर."

"आत्ता?"

"आत्ताच."

काकू आतल्या खोलीत गेल्या, पलंगापाशी उभ्या राहिल्या आणि निघाल्या. सवयीनं हात भिंतीकडे गेला, तो त्यांनी मागे घेतला आणि काकांच्या खांद्यावर ठेवला. त्या एकेक पाऊल टाकत होत्या, आणि काका गुडघ्यांवर त्यांच्या शेजारून सरकत आपल्या लखलखीत फरशीवर खडूची रेघ ओढत होते. पलंग ते बाथरूम. बाथरूम ते दार. मुकादम आपल्या वाटेच्या कडेला बसून दोघांवर नजर ठेवून होता.

"आणि जरा रुंद आखा," काकू वरून म्हणाल्या. "मी काही ससा नाहीये."

काकांनी ओढलेली रेघ तळहातानं पुसली आणि वीतभर बाहेर सरकवून पुन्हा आखली.